टोरांटोचा हिवाळा आणि डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर: वापरानंतरचा अनुभव

टोरांटोत हिवाळ्यात सायकल बाहेर काढणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही. थंडी एकवेळ सोसते, पण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ चेन खाऊन टाकतं, आणि डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून ट्रेनर, म्हणजे सायकल घरातच जागेवर बसवून चालवायचं यंत्र.

आधी मित्राचा व्हील-ऑन ट्रेनर काही आठवडे वापरून पाहिला. यात मागचं टायर रोलरला टेकवून बसवतात. स्वस्त आणि हलका. टायर तापतं, झिजतं, फरशीवर काळी पूड पडते, हवा थोडी उतरली की वॉटचे, म्हणजे पायांनी लावलेल्या ताकदीचे, आकडे हलतात. एवढं मी चालवून घेतलं असतं. आवाज मात्र चालण्यासारखा नव्हता. आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, खालच्या घरात तान्हं बाळ, आणि माझी व्यायामाची वेळ पहाटेची.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चक्रांचा संच) चढवायची. आता ऐकू येते ती चेनची खरखर आणि पंखा. थरथर मात्र फरशीतून खाली जातेच. जाड रबरी मॅट टाकल्यावर खालच्या बाईंना मुद्दाम विचारलं, तेव्हा कळलं की आता काही जाणवत नाही. माझ्या लेखी निवड इथेच संपली.

खोक्यावर १८०० वॉट, १६ टक्के चढ (ट्रेनर जास्तीत जास्त किती ताकद पेलतो आणि किती चढाचा भास देतो) वगैरे छापलेलं असतं. तासभर दीडशे वॉट काढताना माझी जीभ बाहेर येते. १८०० वॉट हे ट्रॅकवरच्या स्प्रिंटरांचं काम. वॉट मोजण्यातली चूक दोन टक्क्यांऐवजी एक टक्काच हवी म्हणून जास्त पैसे मोजावेत असंही मला वाटलं नाही. त्यापेक्षा आपल्या सायकलचा मागचा अ‍ॅक्सल क्विक रिलीजचा (खटक्याने सुटणारा बारीक दांडा) आहे की थ्रू अ‍ॅक्सलचा (आरपार जाणारा, आट्यांनी बसणारा जाड दांडा), कॅसेट किती स्पीडची, म्हणजे किती चक्रांची, ती ट्रेनरसोबत येते का, हे आधी बघा.

ट्रेनरचा अर्ग मोड अंगवळणी पडायला वेळ लागला. ठरवलेले वॉट ट्रेनर स्वतःच धरून ठेवतो, त्यामुळे पाय मंदावले की तो आणखी जड होतो आणि चिखलात रुतल्यासारखं होतं. इंटरव्हल, म्हणजे जोर लावायचा टप्पा, सुरू व्हायच्या आधीच पॅडलचा वेग वाढवायचा, एवढंच. झ्विफ्ट या पडद्यावर आभासी रस्ते दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘ट्रेनर डिफिकल्टी’ (चढ पायाला किती जाणवावा याची सेटिंग) मुळात निम्म्यावर असते. म्हणजे दहा टक्क्यांचा चढ पायाला पाचाचा लागतो. यात फसवणूक नाही, वर पोचायला वॉट तेवढेच लागतात, फक्त गिअर कमी बदलावे लागतात. आल्प दु झ्विफ्ट या तिथल्या आभासी घाटाची एकवीस वळणं, १२ किलोमीटर, सरासरी साडेआठ टक्के चढ: तिथे मी ही सेटिंग वाढवून पाहिली आणि मुकाट्याने पूर्ववत केली.

पंख्याबद्दल कोणी पुरेसं सांगत नाही. आपण खर्च करतो त्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा पॅडलवर पोचतो, बाकी उष्णता. दीडशे वॉट काढताना अंगातून पाचशेच्या आसपास वॉट उष्णता निघते, आणि घरात समोरून वारा नाही. खोलीचं हीटिंग बंद, खिडकी बोटभर उघडी, पंखा पूर्ण वेगात. बाहेर उणे बारा असताना हा प्रकार व्हिडिओ कॉलवर आईला अजून पटलेला नाही. हँडलवर टॉवेल हवाच. खारट घाम हेडसेटच्या (हँडल फिरतं तो सांधा) बोल्टांना गंजवतो.

घर तळमजल्यावर असेल किंवा बेसमेंट मोकळं असेल, आणि आठवड्यातून दोनदाच बसायचं असेल, तर व्हील-ऑनच घ्या. उरलेल्या पैशांत मोठा पंखा येतो.