गेमसाठी लिनक्स : बझाइट घ्यावे की मिंट?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. इंटेलच्या सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नसल्यामुळे सोलापुरातल्या कितीतरी घरांतले धडधाकट डेस्कटॉप त्या दिवशी जुने ठरले. अशा मशीनवर लिनक्स टाकून गेम खेळत राहायचे ठरवणाऱ्याला बझाइट, मिंट, नोबारा, कॅशीओएस, पॉप ओएस अशी डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार रूपांची, नावे ऐकू येतात आणि बहुधा फ्रेम रेटचे (सेकंदाला किती चित्रे दिसतात याचे) तक्तेही दाखवले जातात. माझ्या मते त्या तक्त्यांवरून निवड करू नये. विंडोजचा गेम लिनक्सवर चालवण्याचे काम २०१८ पासून स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हचे प्रोटॉन हे सॉफ्टवेअर करते आणि ते सर्वत्र तेच असल्याने वेगातला फरक सहसा किरकोळ राहतो.

त्याआधी आपला गेम तपासावा. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम प्रोटॉनवर चालतात आणि प्रत्येक गेमबद्दल खेळणाऱ्यांचा अनुभव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर पाहता येतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर मुळातच लिनक्ससाठी उपलब्ध आहेत. मात्र व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट त्यांच्या अँटी-चीटमुळे (फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) कोणत्याच डिस्ट्रोवर चालत नाहीत, आणि एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये लिनक्सचे दार बंद केले. ज्याची संध्याकाळ व्हॅलोरंटमध्येच जाते, त्याने हा खटाटोप करू नये.

यानंतरची खरी कसोटी ग्राफिक कार्डाची. एएमडीचा ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा या ग्राफिक लायब्ररीमधूनच येत असल्याने तिथे कोणतेही ताजे डिस्ट्रो चालेल. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० सारख्या पास्कल पिढीच्या कार्डांना मात्र ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च या डिस्ट्रोने एनव्हिडिया ड्रायव्हरचे आपले मुख्य पॅकेज ५९० या शाखेवर नेले, तेव्हा जुन्या कार्डवाल्यांना ड्रायव्हर स्वतः बदलून घ्यावा लागला. म्हणून आर्चवर आधारलेले कॅशीओएस कितीही चपळ असले तरी अशा कार्डासाठी मी ते सुचवणार नाही. उबंटू २४.०४ या डिस्ट्रोवर उभे असलेले मिंट २२ एप्रिल २०२९ पर्यंत सांभाळले जाणार आहे आणि त्याच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून जुनी शाखा निवडता येते. आपल्याकडच्या कडक भाकरीसारखा हा प्रकार आहे : ताजेपणाचा आव नाही, पण बरेच दिवस टिकते.

मग बझाइट कशासाठी घ्यावे? माझे पहिले उत्तर विजेचे आहे. मे महिन्यात भर दुपारी वीज जाते, यूपीएसची बॅटरी कधीचीच थकलेली असते, आणि नेमके तेव्हाच अपडेट चाललेले असते. मिंटमध्ये पॅकेजे एकामागून एक बदलली जात असल्यामुळे मध्येच वीज गेली तर ती अर्धवट राहू शकतात, आणि टर्मिनल उघडून दुरुस्ती करावी लागते किंवा आधी टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची प्रत घेतली असेल तर मागे जावे लागते. फेडोरा या डिस्ट्रोच्या अणू-पद्धतीच्या (ॲटॉमिक) आवृत्तीवर बांधलेले बझाइट नवी प्रणाली अख्खीच्या अख्खी बाजूला तयार करते आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना तिच्यावर जाते. वीज मध्येच गेली तरी चालती प्रणाली आहे तशी राहते, आणि नवी पटली नाही तर सुरू होतानाच्या यादीतून जुनी निवडता येते. स्टीम आधीच बसवलेले असते, आणि कार्डानुसार योग्य आवृत्ती उतरवून घेता येते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरशेजारी ठेवणाऱ्याला किंवा एचडीआर (उजेड-रंगांचा मोठा पल्ला) हवे असणाऱ्याला बझाइटमधला केडीई हा डेस्कटॉप आणि वेलँड ही पडद्यावर चित्र दाखवणारी प्रणाली हा जोड मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपपेक्षा निश्चितच सरस वाटेल.

त्याची किंमतही आहे. अपडेट बऱ्यापैकी मोठे येतात, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढणाऱ्याला मिंटच परवडते. शिवाय बझाइटची मूळ प्रणाली कुलूपबंद असल्याने सॉफ्टवेअर मुख्यतः फ्लॅटपॅकमधून, म्हणजे मूळ प्रणालीपासून वेगळ्या राहणाऱ्या पॅकेजांतून, घ्यावे लागते. वडिलांच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर आतल्या भागात बसवायचा झाला की ही शिस्त आड येते. एकाच मशीनवर परीक्षेचे अर्ज, मराठी टंकलेखन, छपाई आणि रात्रीचा गेम असे सगळे चालत असेल, तर मी मिंटकडे झुकेन. मशीन केवळ खेळण्यासाठी असेल आणि कार्ड एएमडीचे किंवा एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६०० मालिकेतले किंवा त्यानंतरचे असेल, तर बझाइट.

नोबारा फेडोराचाच गेमसाठी सजवलेला अवतार आहे आणि तो चांगला आहे, पण वीज गेल्यावरची वर सांगितलेली हमी त्यात नाही. पॉप ओएस एनव्हिडियासाठी वेगळी आवृत्ती देते, मात्र तिचा कॉस्मिक डेस्कटॉप अजून तरुण असल्याने तो मुरेपर्यंत मी थांबेन.

निवड कोणतीही असो, गेमचा फोल्डर विंडोजच्या जुन्या एनटीएफएस विभागावर ठेवून प्रोटॉनने चालवण्याच्या मोहात पडू नये. तिथे गेम सुरूच न होण्याच्या अडचणी नेहमीच्या आहेत, आणि नवखा माणूस दोष डिस्ट्रोला देतो. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून तो विभाग एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करावा, आणि गेम पुन्हा उतरवायला रात्रीची वेळ धरावी.