राणी लुईझा खाण, झाब्झे: कार्नाल शाफ्ट आणि चौदा किलोमीटरांचा बोगदा

पोलंडच्या दक्षिणेकडील झाब्झे शहरातली ‘राणी लुईझा’ ही जुनी, आता संग्रहालय झालेली कोळसा खाण पाहायला जाणाऱ्याने सर्वप्रथम कार्नाल शाफ्टच्या यंत्रघरात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. या संग्रहालयाकडे येणारे बहुतेक लोक जमिनीखालच्या नौकाफेरीसाठी येतात, आणि ती फेरी खरोखरच अप्रतिम आहे. परंतु यंत्रघर आधी पाहिले, तर पुढे भूगर्भात जे दिसते त्याचा अर्थ अधिक नीट उलगडतो.

यंत्रघरात १९१५ सालचे, २००० अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आहे. शाफ्ट म्हणजे खाणीची उभी विहीर. तिच्या तोंडावर मनोरा, मनोऱ्याच्या माथ्यावर मोठी चाके आणि त्या चाकांवरून खाली गेलेला पोलादी दोर, अशी ही सारी रचना असते. दोराच्या एका टोकाचा पिंजरा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. दोघांचे वजन एकमेकांना तोलून धरत असल्यामुळे इंजिनाला प्रामुख्याने कोळशाचा भार आणि दोराच्या लांबीतला फरक एवढेच ओढावे लागते. इंजिन चालवणाऱ्याला पिंजरा मात्र कधीच दिसत नसे. पिंजरा किती खोलीवर आहे हे समोरच्या दर्शकावरून ओळखायचे आणि खालून येणाऱ्या घंटेच्या ठोक्यांवर विसंबायचे: एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. आपल्या हातातल्या दांड्याच्या हालचालीवर कित्येक माणसांचे प्राण अवलंबून आहेत आणि त्यांपैकी एकही माणूस आपल्याला दिसत नाही, ही जबाबदारी पाळीचे सगळे तास पेलणाऱ्या त्या चालकाचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. संग्रहालयातले लोक हे इंजिन प्रेक्षकांसमोर चालवून दाखवतात. एवढे अवजड लोखंड इतक्या हळुवारपणे हलू लागते, की पाहणारे आपोआप गप्प होतात.

हा शाफ्ट ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते रुडोल्फ फॉन कार्नाल (१८०४–१८७४) हे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सेवेतले खाण अधिकारी आणि भूवैज्ञानिक होते. झाब्झे ज्या प्रदेशात आहे त्या वरच्या सायलेशियाचा भूशास्त्रीय नकाशा तयार करण्याचे श्रेय त्यांना जाते. रसायनशास्त्र शिकलेल्यांना ‘कार्नालाइट’ हे खनिज ठाऊक असेल. ते नावही याच गृहस्थांवरून पडले आहे.

खाणीची सुरुवात शाफ्टच्या बरीच आधीची, म्हणजे १७९१ सालची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास सायलेशिया प्रशियाच्या ताब्यात गेला होता. जवळच्या तार्नोव्स्के गुरी येथे शिसे आणि चांदीच्या सरकारी खाणीत पाणी फार होते. ते उपसण्यासाठी १७८८ मध्ये ब्रिटनहून वाफेचे इंजिन आणवले गेले, आणि इंजिन आले म्हणून कोळसा हवा झाला. झाब्झे परिसरात कोळशाचे थर सापडल्यावर सरकारने येथे स्वतःची खाण उघडली, आणि पुढे तिला १८१० मध्ये निधन पावलेल्या प्रशियाच्या राणी लुईझाचे नाव मिळाले. एका खाणीतले पाणी काढता यावे म्हणून दुसरी खाण खणावी लागली, आणि मग त्या दुसऱ्या खाणीतही पाणीच मुख्य अडचण होऊन बसले, ही घटनांची साखळी माझ्या मते या स्थळाच्या इतिहासाचा गाभा आहे. कोळशाच्या खाणीविषयी आपण बोलतो तेव्हा धूळ, अंधार आणि घाम आठवतो. येथे फिरताना मात्र सतत आठवण होते ती पाण्याची.

त्या पाण्यावरचा उपाय म्हणजे ‘मुख्य किल्ली वारसा बोगदा’ असे काहीसे विचित्र नाव असलेला आडवा बोगदा. त्याचे काम १७९९ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये संपले. चौसष्ट वर्षांत झाब्झेपासून आजच्या खोझुव शहरापर्यंत चौदा किलोमीटरहून अधिक लांबीचे खोदकाम झाले. नावातला ‘वारसा’ हा शब्द जुन्या जर्मन खाण कायद्यातून आला आहे: जो असा बोगदा खणून इतरांच्या खाणी कोरड्या करी, त्याला त्या खाणींच्या उत्पन्नात वाटा मिळत असे आणि तो हक्क वारसाने चालत असे. बोगद्याला अगदी किंचित उतार दिलेला असल्यामुळे पंपाची गरज न लागता पाणी आपोआप नदीकडे वाहून जाई. आतल्या भागात सुरुवातीच्या काळात याच पाण्यावरून सपाट तळाच्या होड्यांतून कोळसाही बाहेर येत असे. होड्या बोगद्याच्या तोंडाशी येत, तेथून क्वोदनित्सा कालव्याच्या वाटेने ग्लिवित्सेच्या लोखंड कारखान्याकडे माल जाई. त्याच ग्लिवित्से कारखान्यात १७९६ मध्ये कोकवर, म्हणजे भाजून शुद्ध केलेल्या कोळशावर, चालणारी लोखंड गाळण्याची झोतभट्टी पेटली होती. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या अशा पहिल्या भट्ट्यांपैकी ती एक होती. खाण, बोगदा, कालवा आणि भट्टी ही एकाच योजनेची चार अंगे होती, ही गोष्ट एखाद्या पुस्तकात वाचून जितकी समजते त्यापेक्षा त्या होडीत बसून फार अधिक समजते.

काळाने मात्र या योजनेला फार सवड दिली नाही. होडीतून कोळसा नेणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच थांबले, आणि बोगदा पूर्ण होईपर्यंत अधिक खोलवरचे पाणी वाफेचे पंप उपसू लागले होते. तीन पिढ्यांच्या कामगारांनी जे खणले ते पूर्ण झाले तेव्हा तंत्रज्ञान पुढे निघून गेले होते. विसाव्या शतकात बोगद्याचे तोंड बुजले, आत गाळ साठला आणि शहर त्याच्यावरून वाढत गेले. तो गाळ उपसून, खचलेले भाग सावरून ही वाट पर्यटकांसाठी २०१८ मध्ये खुली झाली. एवढ्या जुन्या आणि पाण्याने भरलेल्या बांधकामाला हात घालण्याचे धाडस नगरपालिकेने आणि संग्रहालयाने दाखवले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रत्यक्ष फेरीविषयी. डोक्यावर शिरस्त्राण चढवून जवळजवळ चाळीस मीटर खाली उतरायचे, काही अंतर चालायचे, आणि मग होडीतून सुमारे ११०० मीटरचा प्रवास करायचा, असे तिचे स्वरूप आहे. जेथे खडक भक्कम आहे तेथे भिंतीवर हत्यारांचे व्रण उघडे दिसतात. जेथे तो ठिसूळ आहे तेथे विटा-दगडांची कमान घातलेली आहे. या दोहोंमधला बदल लक्ष देऊन पाहावा, कारण खणणाऱ्यांना पुढे काय लागले हे त्यावरूनच कळते. पाण्याचा बारीक आवाज सोडला तर आत शांतता असते. वरती रस्ते, घरे आणि ट्राम आहेत यावर विश्वास बसत नाही. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, त्यामुळे अंगात उबदार कपडा आणि पायांत घसरणार नाहीत असे बूट हवेत. अरुंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी किंवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी नौकाफेरीचा हट्ट न धरता यंत्रघरावर आणि शाफ्टच्या परिसरावर समाधान मानले, तरी त्यांचा दिवस वाया जाणार नाही.

त्या परिसरात आवर्जून पाहावी अशी आणखी एक जागा म्हणजे कामगारांचे साखळ्यांचे स्नानगृह. पाळीवर जाणारा कामगार आपले घरचे कपडे आकड्याला अडकवून साखळीने थेट छतापर्यंत ओढून घेई आणि खाली साखळीला कुलूप लावी. वरच्या उबदार हवेत कपडे कोरडे राहत आणि खालची जागा मोकळी राही. कपाटापेक्षा स्वस्त आणि सोयीची अशी ही युक्ती पाहून कौतुक वाटते.

भाषेत रस असणाऱ्यांनी मार्गदर्शकाचे शब्द कान देऊन ऐकावेत. झाब्झे १९४५ पर्यंत जर्मनीत होते. १९१५ पासून तर त्याचे अधिकृत नाव हिंडेनबुर्ग असे होते. जर्मनी की पोलंड यावर १९२१ मध्ये झालेल्या सार्वमतानंतर वरच्या सायलेशियाची फाळणी झाली तेव्हा शेजारचे कातोवित्से शहर पोलंडकडे गेले आणि हे शहर सीमेच्या अलीकडे जर्मनीतच राहिले. त्यामुळे येथील खाण कामगारांच्या बोलीत खाणीला ‘ग्रुबा’, पाळीला ‘शिख्ता’ आणि पिंजऱ्याला ‘शोला’ म्हणतात. हे तिन्ही शब्द जर्मनमधून आले आणि सायलेशियन बोलीत पुरते मुरले. ही खाण ‘पोलिश’ होती की ‘जर्मन’ होती या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि संग्रहालय ते देण्याची घाई करत नाही, हे मला योग्य वाटले.

याच शहरातली गुइडो खाणही याच संग्रहालयाकडे आहे, आणि तेथे खऱ्या पिंजऱ्यातून ३२० मीटर खाली जाता येते. खोल उतरण्याचा थरार हवा असेल तर गुइडो निवडावी. खाण कशासाठी उघडली, पाणी कोठे गेले, कोळसा कोठे पोहोचला आणि ते सगळे वर कोणी ओढले, हे समजून घ्यायचे असेल तर राणी लुईझाला पर्याय नाही. दोन्ही पाहायच्या असतील तर दोन वेगळे दिवस ठेवावेत, आणि राणी लुईझाच्या दिवशी सकाळ यंत्रघराला व दुपार होडीला द्यावी. तशी आखणी केली म्हणजे होडी बोगद्याच्या तोंडाकडे निघते तेव्हा वरचे ते इंजिन आणि घंटेचे ठोके डोक्यात ताजे असतात.