३० जीबीचं रूट पुरलं नाही: लिनक्स पार्टिशनचा आठ महिन्यांचा अनुभव

लिनक्स टाकताना ५१२ जीबीच्या एसएसडीची वाटणी, म्हणजे पार्टिशन, मी कागदावर आखून केली होती. ईएफआयला (संगणक सुरू करणाऱ्या फायलींचा भाग) ५१२ एमबी, रूटला (खुद्द सिस्टीम आणि प्रोग्रॅम) ३० जीबी, शेवटी १६ जीबी स्वॅप (रॅमला पूरक जागा) आणि मधलं सगळं होमला (माझ्या फायली आणि सेटिंग्ज).

होम वेगळं ठेवल्याचं समाधान आजही आहे. तिसऱ्या महिन्यात डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) बदलली तेव्हा फक्त रूट फॉरमॅट केलं, होम न पुसता नुसतं माउंट केलं, म्हणजे सिस्टीमला जोडलं. फोटो, ब्राउझरचे बुकमार्क, अगदी टर्मिनलचे रंगसुद्धा जसेच्या तसे मिळाले.

रूटचा अंदाज मात्र साफ चुकला. पाचव्या महिन्यात अपडेट अर्ध्यात अडकलं, डिस्कवर जागाच नाही म्हणे. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवली तर रूट १०० टक्के भरलेलं आणि होममध्ये जवळपास ३०० जीबी रिकामे! फुगलं होतं ते रूटमधलं व्हार फोल्डर. डॉकरच्या (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारं साधन) इमेजेस तिथेच साठतात, सिस्टीमसाठी टाकलेली फ्लॅटपॅक पद्धतीची अ‍ॅपही तिथेच. 'माझ्या फायली होममध्ये' एवढ्याच हिशोबाने आखणी केली होती, त्यात हे धरलंच नव्हतं.

रूटला लागूनच होम असल्यामुळे रूट वाढवायचं तर होमची सुरुवात पुढे ढकलायची, म्हणजे आतला सगळा डेटा हलवायचा. लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन ते करतं, पण तासन्‌तास चालणाऱ्या त्या कामात मध्येच काही बिघडलं तर डेटा जातो. बॅकअप हाताशी होता, म्हणून सरळ डिस्क पुसली आणि एलव्हीएम घेतलं, ज्यात डिस्कची जागा एका सामायिक साठ्यातून (व्हॉल्यूम ग्रुप) हवी तशी वाटता येते.

नव्या वाटणीत रूट ६०, होम २००, आणि जवळपास २०० जीबी कुणालाच न देता व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळे. हे मोकळं ठेवणं फार महत्त्वाचं. मी वापरतो ती एक्सटी४ फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) चालू सिस्टीमवर वाढवता येते, लहान करायला मात्र अनमाउंट करावं लागतं, म्हणजे सिस्टीमपासून सोडवावं लागतं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमचं होम असतं तर लहान करणं विसराच. गेल्या आठवड्यात रूट पुन्हा भरत आलं, तेव्हा एलव्हीएमच्या एलव्हीएक्सटेंड कमांडला 'आर' पर्याय लावून २० जीबी जोडले. फाइल सिस्टीमही त्याच कमांडमध्ये वाढली, ब्राउझर बंद करावा लागला नाही.

स्वॅप रॅमएवढं, १६ जीबीच ठेवलंय, कारण मी हायबरनेट वापरतो, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून संगणक बंद करतो. ते नको असेल तर वेगळ्या पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल बरी. बूट फोल्डरचं पार्टिशन वेगळं करणार असाल तर १ जीबी द्या, जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथे साठत जातात.

आणखी एक: एक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूट युजरसाठी (रूट पार्टिशन नव्हे, सिस्टीमचा प्रशासक) राखून ठेवते. २०० जीबीच्या होममध्ये ते १० जीबी झाले. होमला त्याचा उपयोग नाही, ट्यून२एफएस कमांडने मी ते १ टक्क्यावर आणलं. रूट पार्टिशनवरचे ५ टक्के तसेच ठेवलेत.