गालाच्या स्वॅबवर मेंदूच्या गाठीचा रिपोर्ट, आणि आमचे १,२९,७५० रुपये

आकडे आधीच मांडतो. ‘ट्यूमर जीन चाचणी’ ३८,०००. कुरिअर ६५०. ताईच्या दोन पोरांची ‘आनुवंशिक धोका तपासणी’ प्रत्येकी ११,८००, म्हणजे २३,६००. ‘जनुक-दुरुस्ती थेंब’ तीन बाटल्या, २२,५०० ला एक, ६७,५००. बेरीज १,२९,७५०. सगळे यूपीआयने, तीन खात्यांवर. तिन्ही खाती माणसांच्या नावाची, लॅबच्या नावाचं एकही नाही. गाठ दाजींच्या मेंदूत, पैसे पाठवणारा मी. आणि मी हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या विभागात, तंत्रज्ञ आहे. बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, कापणं हेच माझं रोजचं काम. हसा.

दवाखान्याबाहेरच्या मेडिकलपाशी गोड बोलणारा माणूस, “ताई, डॉक्टर हे सांगत नसतात,” मग व्हॉट्सअ‍ॅपवर पांढरा कोट. ही तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे. हे भामटे शिरतात कुठल्या फटीतून, ते बघा. पहिल्या रिपोर्टवर लिहिलेलं असतं ‘डिफ्यूज ग्लायोमा, मॉलिक्युलर तपासणी आवश्यक’, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची पसरत गेलेली गाठ, जनुकांची तपासणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार अशा गाठीचं नाव नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघून पक्कं होत नाही, जनुकांचे निकाल लागतात. ते यायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्या दिवसांत कोल्हापुरातल्या घरी रोज कुणीतरी नवा सल्ला घेऊन येतं.

बरं, माल पूर्ण खोटा असता तर मी फसलो नसतो. ते विकत होते ते खऱ्या शास्त्राचे तुकडे. आयडीएच-१ जनुकातला आर१३२एच हा बदल खरा आहे. प्रथिनात १३२ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन बसतं, एन्झाइमचं वळण बिघडतं, ते २-हायड्रॉक्सिग्लुटारेट बनवायला लागतं आणि पेशीतल्या डीएनएवरच्या मिथाइल खुणांचा, म्हणजे जनुकं चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणांचा, गोंधळ होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब या औषधाला मान्यता मिळाली, हेही खरं. पण ती गोळी बिघडलेल्या एन्झाइमला अडवते, जनुक दुरुस्त करत नाही, आणि मान्यता आहे ती आयडीएच बदल असलेल्या ग्रेड २ च्या गाठींसाठी. यांनी त्या बातमीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हेच तत्त्व, थेंबांच्या रूपात’.

आता जिथं माझे डोळे उघडायला हवे होते ती जागा. रिपोर्ट पीडीएफमध्ये आला तेव्हा दाजींचा ब्लॉक माझ्या कपाटात होता. मुंबईला पाठवायला म्हणून मीच सोडवून आणलेला. करडी कॅसेट, कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, मेणात रुतलेला तांदळाच्या चार दाण्यांएवढा तुकडा. गाठ माझ्या कपाटात आणि गाठीचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर! त्यांनी नेला होता फक्त गालाच्या आतून फिरवलेला कापूस. गालाच्या पेशीत जन्मजात डीएनए असतो. आयडीएचचा बदल, ईजीएफआर या पेशीवाढीच्या जनुकाच्या वाढलेल्या प्रती, सातव्या गुणसूत्राची वाढ आणि दहाव्याची गळती हे सगळं गाठीच्या पेशींत नंतर घडलेलं असतं. ते गालात कुठून येणार? रक्तातसुद्धा मेंदूच्या गाठीचा डीएनए फार कमी उतरतो.

वर रिपोर्ट स्वतःशीच भांडत होता. शीर्षक ‘ग्लिओब्लास्टोमा’, म्हणजे ग्लायोमाची सगळ्यात जहाल जात, खाली ‘आयडीएच बदल आढळला’. २०२१ नंतर आयडीएच बदललेल्या गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणतच नाहीत. १पी/१९क्यू, म्हणजे पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचे तुकडे, दोन्ही गळालेले आणि एटीआरएक्स हे जनुकही गेलेलं. पहिली खूण ऑलिगोडेंड्रोग्लिओमाची, दुसरी अ‍ॅस्ट्रोसायटोमाची, या ग्लायोमाच्या दोन वेगळ्या जाती, दोन्ही खुणा एका गाठीत जवळजवळ कधी नांदत नाहीत. आणि ‘एमजीएमटी म्युटेशन पॉझिटिव्ह’. अरे, एमजीएमटी या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकात म्युटेशन बघतच नाहीत, प्रमोटरवरचं, म्हणजे जनुकाच्या स्विचवरचं, मिथिलेशन (त्याच मिथाइल खुणा) बघतात. मिथिलेशन असलं की टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध जास्त लागू पडतं. यांनी त्याच ओळीवरून टेमोझोलोमाइड बंद करायला सांगितलं. तेवढं ताईनं ऐकलं नाही, माझ्या शिक्षणापेक्षा तिची अक्कल कामाला आली. मी मात्र हे सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि थेंबांचे पैसे पाठवले. स्वतःच्या माणसाचा रिपोर्ट कुणी तंत्रज्ञ म्हणून वाचत नाही, एवढंच माझ्या बाजूनं म्हणतो.

चाचणी करायचीच तर ब्लॉक किंवा त्याचे चार-पाच मायक्रॉनचे कोरे काप मागणाऱ्यालाच द्या. आयडीएच-१ आणि एटीआरएक्स अँटिबॉडीनं रंगवून दिसतात, १पी/१९क्यू बहुधा फिशनं (गुणसूत्रांना चमकणारे रंग लावून), एमजीएमटी पीसीआरनं (डीएनएच्या प्रती वाढवून). रुग्ण पंचावन्नच्या आतला असेल आणि अँटिबॉडी निगेटिव्ह आली तर सिक्वेन्सिंगचं, म्हणजे जनुक अक्षरअक्षर वाचण्याचं, विचारा, कारण ती अँटिबॉडी फक्त आर१३२एच ओळखते. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या चिन्हाखाली प्रमाणपत्र क्रमांक असतो, आमच्या रिपोर्टवर तेवढाच भाग कापलेला होता.

पोरांचे २३,६०० सगळ्यात जास्त सलतात. मेंदूच्या बहुतेक गाठी आनुवंशिक नसतात. न्यूरोफायब्रोमॅटोसिस किंवा टीपी५३ जनुकाचं ली-फ्रॉमेनी असे आनुवंशिक आजार असलेली मोजकी घराणी असतात, तिथंही आधी जेनेटिक समुपदेशक घराण्याचा इतिहास विचारतो. आम्हाला कुणी काही विचारलं नाही. थोरलीला ‘७२ टक्के धोका’ लिहून दिला. पोरगी दहावीत आहे.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पैसे तुम्ही स्वतःच पाठवलासा न्हवं?” हो. “मग माल मिळाला न्हवं?” हो. “मग फसवणूक कशी?” सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, लिंक नाही, हा व्यवहारातला वाद, ठाण्यात जा. परत ठाणं, तिथं साहेब बंदोबस्तात. औषधवाल्या खात्यात गेलो तर बाटलीवर ‘आहारपूरक’ छापलंय, खाद्यवाल्यांचं टेबल शेजारी. त्या टेबलवाले म्हणाले, कॅन्सरचा दावा केलाय म्हणजे औषधच झालं, पलीकडं विचारा. दोन टेबलांत सहा फुटांचं अंतर, माझ्या चार फेऱ्या. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर आहे, हे मी प्रत घेऊन जाऊन दाखवलं. “प्रत ठेवून जा,” म्हणाले. आरोग्यवाल्यांनी लॅबचा पत्ता बघितला आणि जिल्ह्याबाहेरचा आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकला. एकानं तर वर ऐकवलं, “तुम्ही लॅबवाले असून?” ते मला माहीत आहे हो. त्यासाठी अर्ज नव्हता केला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन पहिल्या तासात करा. पैसे पुढं सरकले नसतील तर गोठवता येतात. मी अकराव्या दिवशी केला. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नका, त्यांनी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायच्या आत स्क्रीनशॉट काढा. थेंब पोटात गेले असतील तर लाज सोडून डॉक्टरांना सांगा. टेमोझोलोमाइड चालू असताना रक्ताच्या तपासण्या होतात, त्यात काही बिघडलं तर कारण शोधताना त्यांना हे माहीत पाहिजे.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथं अर्ज दाखल झालाय. तिसरी बाटली फोडलेली नाही. ती, खोका आणि कुरिअरची पावती एका पिशवीत बांधून ब्लॉक होता त्याच कप्प्यात ठेवलीय, तारखेला न्यायला.