३५० वरचा गिअरबॉक्स म्हणून घेतला आणि दोनदा पैसे घालवले

माझ्याकडे १९६८ ची शेव्हेल, म्हणजे शेव्हरोलेची जुनी गाडी आहे, आधीच्या मालकाने तिच्यात शेव्हरोलेचं ३५० (घन इंचाचं) इंजिन टाकलेलं आणि मागे पॉवरग्लाईड, म्हणजे जुना दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो पॉवरग्लाईड गेला, रिव्हर्सच धरेना, म्हणून ठरवलं की आता तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५०, म्हणजे सगळे टीएच-३५० म्हणतात तो, टाकूनच घेऊ. तुमच्यापैकी कोणी आत्ता हेच करायच्या विचारात असेल तर पैसे पाठवायच्या आधी एवढं वाचा प्लीज.

जाहिरातीत लिहिलेलं, "टीएच-३५०, रिबिल्ट, ३५० इंजिनवरून काढलेला". फोन केला तर माणूस एकदम माहितगार वाटला. म्हणाला सहा इंची टेलवाला (मागची शेपूट सहा इंची असलेला) टीएच-३५० आणि पॉवरग्लाईड लांबीला जवळपास सारखेच, प्रोपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, शाफ्टच्या टोकाचा २७ स्प्लाइनचा (खाचांचा) योक तोच चालतो, मागचं माउंटिंग पण त्याच जागी येतं, फक्त किकडाऊनची (जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खालचा गिअर पाडणारी) केबल आणि मॉड्युलेटरला (इंजिनवरच्या भाराप्रमाणे गिअर बदलायला मदत करणाऱ्या भागाला) व्हॅक्युमची लाईन नवी ओढायची. आणि हे सगळं खरं आहे हो, शब्द न् शब्द खरा आहे, मी नंतर तपासलं. म्हणूनच तर माझा विश्वास बसला.

फोटो मागवले. पॅनचे, म्हणजे तळाच्या तेलाच्या ताटलीचे, १३ बोल्ट मी फोटो मोठा करून मोजले, चौकोनी पॅन आणि एक कोपरा कापलेला, म्हणजे टीएच-३५० च. पॉवरग्लाईडला १४ असतात आणि टीएच-४०० या दुसऱ्या गिअरबॉक्सचे १३ असले तरी त्याचा पॅन वेडावाकडा असतो, त्यामुळे शंकाच उरली नाही. सगळ्या फोटोंत गिअरबॉक्स तपकिरी पुठ्ठ्यावर बेलवर, म्हणजे पुढच्या घंटेसारख्या तोंडावर उभा, शेपूट वर. तेव्हा काही वाटलं नाही कारण बरेच जण तसाच ठेवतात. पण इंजिनला चिकटते ती बाजू नेमकी तीच, आणि एकाही फोटोत ती दिसत नव्हती!

मी विचारलं, ३५० ला बसेल ना? तो म्हणाला, "३५० वरचाच आहे साहेब, डोळे झाकून घ्या." आणि मी पैसे पाठवले.

इथेच सगळी मेख आहे, नीट समजून घ्या. त्या काळात जनरल मोटर्सच्या कंपन्या आपापली इंजिनं बनवायच्या. शेव्हरोलेचं ३५० वेगळं, ओल्ड्समोबाईलचं वेगळं, ब्यूकचं वेगळं, पाँटिअ‍ॅकचं वेगळं. नुसता आकडा सारखा, इंजिनं चार. आणि टीएच-३५० च्या नावातला ३५० तर इंजिनचा आकडाच नाही. हा गिअरबॉक्स १९६९ पासून या सगळ्यांनाच लागत गेला, पण बेल दोन प्रकारची होती, एक शेव्हरोलेची आणि एक बीओपी, म्हणजे ब्यूक-ओल्ड्समोबाईल-पाँटिअ‍ॅकची. आतलं मशीन तेच पण बेलच्या बोल्टांची जागा वेगळी, आणि बेल केसमध्येच ओतलेली असते त्यामुळे काढून दुसरी लावता येत नाही. ओळखायला सोपं आहे, बीओपीचा वरचा काठ मधोमध खाली दबलेला असतो आणि शेव्हरोलेचा मधोमध वर आलेला. दहा सेकंदांचं काम, फक्त तोंड दिसायला हवं.

माझा आला तो बीओपी. जॅकवर घेऊन वर लावला तर वरची भोकं जुळेचनात. त्याला फोन केला तर आवाजात जराही आश्चर्य नाही, लगेच म्हणाला की याला कन्व्हर्जन किट लागतं, माझ्याकडेच आहे. म्हणजे आधीपासून माहीत होतं त्याला. तरी मी दुसऱ्यांदा पैसे पाठवले, कारण पहिले बुडू द्यायचे नव्हते.

किट म्हणून आली नुसती एक प्लेट. तशा अ‍ॅडॅप्टर प्लेट खरंच मिळतात, पण प्लेट जेवढी जाड तेवढा गिअरबॉक्स मागे सरकतो आणि तेवढं अंतर कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) बाजूनेही भरून काढावं लागतं. त्यासाठी काहीच आलं नव्हतं. माझ्या मेकॅनिकने कन्व्हर्टर आत पूर्ण बसवला, फ्लेक्सप्लेटपर्यंतची, म्हणजे इंजिनच्या मागच्या फिरणाऱ्या तबकडीपर्यंतची, फट मोजली आणि पाना खाली ठेवला. ती फट साधारण ३ ते ५ मिलिमीटर हवी, इथे बरीच जास्त होती. तो म्हणाला बोल्ट आवळून कन्व्हर्टर पुढे ओढता येईल, गाडी चालूही होईल, पण कन्व्हर्टरचा हब पंपाच्या गिअरमध्ये अर्धाच अडकून राहील आणि पंप तुटेल, मी हे करणार नाही. त्या माणसाचे उपकार आहेत माझ्यावर. मग पॅन उघडला तर तेल काळं, जळका वास, तळाला क्लचचा चुरा. रिबिल्ट म्हणजे वरून रंग मारलेला.

विकणाऱ्याचं उत्तर काय, तर "मी ३५० वरचा म्हणालो होतो, तो ३५० वरचाच आहे." ओल्ड्समोबाईलच्या ३५० वरचा. त्यानंतर फोन उचलणं बंद.

तेव्हा "बसेल ना" असं विचारूच नका. कुठल्या कंपनीच्या इंजिनवरून काढलाय ते लिहून घ्या आणि कन्व्हर्टर बाहेर काढून बेलचा समोरून फोटो मागा. फोर्ड किंवा क्रायसलरवाल्यांनीही हेच करा, फोर्डचा सी-६ गिअरबॉक्स काय आणि क्रायसलरचा ७२७ टॉर्कफ्लाइट काय, दोन्हीत बेल केसचाच भाग असते आणि इंजिनप्रमाणे बदलते.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे काल नवी जाहिरात दिसली, "टीएच-३५०, रिबिल्ट, ३५० इंजिनवरून काढलेला". फोटो तोच, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यातला तेलाचा डागसुद्धा तोच. आणि त्या फोटोतला गिअरबॉक्स इथे माझ्याकडे पडलाय.