पदवीनंतर बालशिक्षिका व्हायचंय: बी.एड., डी.एल.एड. की पूर्वप्राथमिकची पदविका?

लहान मुलांना शिकवायचंय म्हटलं, की गोव्यात घरचे, शेजारचे, ओळखीचे मास्तर सगळे एकच सांगतात: बी.एड. कर. पहिली-दुसरीचा वर्ग हवा असेल तर हा सल्ला आता लागू पडत नाही. पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने, म्हणजे एन.सी.टी.ई.ने, बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी 2018 साली दिलेली सवलत त्या निकालाने गेली. मला हा निकाल पटतो. बी.एड.मध्ये विषय शिकवायची तयारी होते, मोठ्या मुलांसाठी. सहा वर्षांचं मूल अक्षर उलटं का काढतं, वीसपर्यंत धडाधड म्हणतं पण सात चिंचोके मोजताना का अडतं, हे समजून घ्यायचा अभ्यास वेगळा आहे.

तेव्हा आधी वय ठरवा, कोर्स मागाहून. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला आणि गोव्यात त्याची सुरुवात 2023-24 पासून झाली. शिक्षकांची पात्रता मात्र अजून सहाव्या वर्षावरच दुभंगलेली आहे. खरी अडचण इथेच आहे.

सहाच्या वरची मुलं, म्हणजे पहिलीपासून पुढे, हवी असतील तर डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, दोन वर्षं, शिवाय टी.ई.टी., म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. गोव्यात यासाठी पर्वरीची जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्था, सगळे जिला डाएट म्हणतात ती, आहे. ‘बी.ए. झाल्यावर परत बारावीनंतरचा कोर्स?’ असं म्हणून मुली नाक मुरडतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की यात एक पायरीही खाली उतरणं नाही. पदवी आणि डी.एल.एड. दोन्ही हातात असली की टी.ई.टी.चा दुसरा पेपर देऊन सहावी ते आठवीसाठीही पात्र होता येतं. उलट नुसतं बी.एड. केलेलीला पहिलीचा वर्ग मिळत नाही. केंद्रीय टी.ई.टी.चा पहिला पेपर 150 गुणांचा असतो. त्यातले 30 गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के लागतात, भाषा म्हणून मराठी घेता येते आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

सहाच्या खालची मुलं हवी असतील तर एन.सी.टी.ई.च्या 2014 च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाची किमान दोन वर्षांची पदविका किंवा नर्सरीचं बी.एड. सांगितलं आहे. ‘किमान दोन वर्षं’ हे शब्द नीट वाचा. मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेत सहा महिन्यांचा बालवाडीचा कोर्स केला. प्रमाणपत्र सुंदर होतं, सोनेरी किनारीचं. नोकरीच्या अर्जाला जोडलं तेव्हा कळलं, त्याला मान्यताच नव्हती. वडिलांनी फीसाठी काजूच्या हंगामाचे पैसे दिले होते, म्हणून अजून मनाला लागतं. फी भरण्याआधी एन.सी.टी.ई.च्या मान्यतेचा आदेश मागा आणि त्यावर कोर्सचं नाव तेच आहे का ते पाहा.

इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका घरी राहून किमान एका वर्षात होते. बालआरोग्य, पोषण, विशेष गरजा असलेली मुलं, असा तिचा अभ्यासक्रम मला खरोखर आवडतो. पाळणाघर चालवणारीने तो जरूर करावा. पण एक वर्ष म्हणजे दोन वर्षं नव्हेत. माँटेसरीच्या पदविकेचंही तसंच: खासगी माँटेसरी शाळेत तिला मान आहे, सरकारी भरतीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

एम.ए. करावं का? दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात बालशिक्षणाचं दोन वर्षांचं एम.ए. आहे. जवळचं हवं तर मुंबईच्या एस.एन.डी.टी.त मानव विकास हा विषय आहे. अभ्यासक्रम लिहायचा असेल, शिक्षिका घडवायच्या असतील, तर जा. वर्गावरच्या नेमणुकीला मात्र एम.ए. पदविकेची जागा घेत नाही. बारावीनंतरचं चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. पदवीधराने पहिल्यापासून करण्यात मला अर्थ दिसत नाही.

कोणताही कोर्स केलात तरी एक तयारी त्यात नसते. आपल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या, आणि सत्तरी-पेडण्याचं पोर वर्गात येतं ते कोंकणीत ‘म्हाका उदक जाय’, म्हणजे मला पाणी हवं, म्हणत. त्याला आधी त्याच्याच भाषेत उत्तर मिळालं पाहिजे, मराठी मग हळूहळू येते. सरकारी नोकरीला कोंकणी आवश्यक असते, पण मी ते त्यासाठी सांगत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे मुलं येत नाहीत म्हणून वर्गच त्यांच्या अंगणात नेला. भाषेचंही अंगण असतं.

मला विचाराल तर पदवीधर मुलीने डी.एल.एड.च धरावं, अगदी तीन-चार वर्षांचीच मुलं हवीत असं पक्कं असेल तरच पूर्वप्राथमिकची पदविका. दोन्हींचा प्रवेश बारावीच्या गुणांवर असतो, 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. पदवीला कितीही चांगले गुण असले तरी इथे ते उपयोगी पडत नाहीत. म्हणून आज कपाटातून बारावीची गुणपत्रिका बाहेर काढा.