बोरिंगच्या पाण्याचे डाग आणि वॉटर स्पॉट रिमूव्हर: दिवाळी ते मे वापरून झाल्यावर

गाडी गडद निळी, राहणं इंदूरला राजेंद्र नगरात, पार्किंग उघड्यावर आणि नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणजे गाडी धुवायला बोरिंगच. ज्यांची गाडी पांढरी किंवा सिल्व्हर आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, डाग तुमच्याही गाडीवर आहेत पण दिसत नाहीत, सुखी आहात.

रिमूव्हर दिवाळीच्या आधी घेतला. ॲसिडवाला आहे, ब्रँड विचारू नका, या प्रकारातले बरेचसे एकाच तत्त्वावर चालतात. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना तोच हा, शाम्पूने ढिम्म हलत नाही पण आम्लात विरघळतो. पिण्याच्या पाण्याच्या सरकारी मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो, आमचं बोरिंग कुठे बसतं ते बादलीच्या कडा बघूनच कळतं.

आता काम कसं करतं. ऊन उतरल्यावर, बॉनेट हाताला गार लागलं की आधी गाडी धुवायची, मग मायक्रोफायबरवर थोडं घेऊन एकेक पॅनल पुसायचं, मिनिटभर थांबायचं आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने काढायचं. ताजे डाग, म्हणजे आठवड्या-दोन आठवड्याचे, अक्षरशः पुसले जातात, बोट फिरवलं तर आधी जी बारीक खरखर लागायची ती गायब. इथपर्यंत पैसे वसूल.

पण मागच्या उन्हाळ्यातले गाडीच्या छतावरचे गोल डाग तसेच आहेत. पांढरेपणा गेला, तिरप्या उजेडात कड मात्र दिसतेच, कारण तिथे क्लिअर कोटच, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थरच, खाल्ला गेलाय, विरघळायला वर काही उरलेलंच नाही. तिथे कंपाउंड (घासायची पेस्ट) मारून पॉलिश हाच उपाय, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट घासून कमी करणं, तो असतोच साधारण 40-50 मायक्रॉन, त्यामुळे दरवर्षी हौस म्हणून करायची गोष्ट नाही. बाटलीवर ‘जुने हट्टी डाग’ लिहिलंय ते मला तरी पटलं नाही.

शेजारचे काका म्हणाले, “अरे कशाला इतके पैसे घालतोस, व्हिनेगर आण!” आणलं, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी निम्मं घालून वापरलं. ताज्या डागांना चालतं, खरंच चालतं, पण दोनदा-तीनदा करावं लागतं आणि गाडीला चायनीजच्या ठेल्याचा वास येत राहतो.

दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. एक, यात वॅक्सही निघून जातं किंवा कमजोर होतं, पाण्याचे मोती बनायचे बंद होतात, त्यामुळे नंतर वॅक्स किंवा सीलंट मारावंच लागतं, तो खर्च आणि ती दुपार वेगळी धरा. दुसरं म्हणजे पोर्चमध्ये कोटा फरशी असेल तर तिथे करूच नका, कोटा म्हणजे चुनखडीच, आम्लाचे थेंब पडले की पॉलिश जाऊन फिकट ठिपके कायमचे, आणि मग आई गाडीकडे नाही, फरशीकडे बघते. क्रोमवर आणि उघड्या ॲल्युमिनियमवरही मी लावत नाही.

काचेचं म्हणाल तर निम्मंच काम झालं, वायपर फिरतो तिथे ठीक, बाजूच्या काचांवरचे जुने डाग सिरियम ऑक्साइडच्या पॉलिशनेच निघाले, हात मोडून आले.

खरा फरक पडला तो बाटलीने नाही. गाडी पुसायला येणाऱ्या मुलाला सांगितलं, भिया, पाणी मारून उन्हात सोडायची नाही, लगेच मोठ्या टॉवेलने कोरडी करायची, आणि नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी शेवटचं पाणी तेच मारायचं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र गाडीवर ओतू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात, हे आमच्या कॉलनीत अर्ध्या लोकांना पटत नाही. तेव्हापासून रिमूव्हर फक्त बॉनेट आणि डिकीला, तेही कधीमधी. बाटली अजून अर्धी आहे, पुढच्या वेळी छोटीच घेईन.